विश्लेषण : डोंगरात रानडुकरासाठी कोणती बंदूक? उत्तर आहे, पण ते शेतकऱ्याच्या हातात नाही

ऑक्टोबर उजाडला की मेढ्याच्या आसपासच्या खाचरांत भात पिवळे पडू लागते, वरच्या उतारांवर नाचणी भरते आणि रात्रीची राखण सुरू होते. पत्र्याचा डबा, फटाके, हातात बॅटरी आणि माळ्यावर जागता माणूस. तरीही सकाळी खाचराच्या कोपऱ्यात पीक लोळवलेले आणि बांध उकरलेला दिसतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त.

अशा सकाळी ‘एखादी चांगली रायफल असती तर...’ हे वाक्य हमखास कानावर येते. आता त्याला मोबाइलचीही जोड मिळाली आहे. अमेरिका, न्यूझीलंडमधल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ जावळीतल्या तरुणांपर्यंत पोहोचतात. अडीच किलोची रायफल, कार्बन फायबरचा दस्ता आणि कोणते कॅलिबर सरस यावर तासन् तास वाद. डोंगरात चढउतार करणाऱ्या माणसाला हलके हत्यार हवे, हा मुद्दा काही चुकीचा नाही. मात्र भारतात या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर एक आहे, कायद्याचे दुसरे आणि सरकारी व्यवहाराचे तिसरेच. या तिन्हींतल्या अंतराची किंमत शेतकरी मोजतो, आणि जनावरही.

शिकार आणि पीकसंरक्षण यांत फरक काय?

हौसेची शिकार भारतात बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला तेव्हा परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करण्याची वाट शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. अधिनियमाचे कलम ९ शिकारीला मनाई करते. कलम ११ मध्ये अपवाद आहे : प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो.

पिकासाठीचा हा अपवाद सगळ्या प्राण्यांना लागू नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे, त्यामुळे पिकाच्या नुकसानीवरून त्याला मारण्याची परवानगी मिळू शकते. गवा अनुसूची एकमध्ये आहे. तो रात्रभर शेतात बसला तरी पिकाच्या कारणावरून त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. विनापरवाना शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्राणी अनुसूची एकमधला असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे. परवानगीने मारलेले डुक्करही मारणाऱ्याचे होत नाही. कलम ३९ नुसार ती सरकारची मालमत्ता असते. मटणाचे वाटे घालणे हा गुन्हा आहे, हे अनेकांना गुन्हा दाखल झाल्यावरच कळते.

जावळीसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तालुक्याच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन नुसते शिरणेही गुन्हा ठरते. बामणोली, वासोट्याकडच्या रानात ‘डुकराच्या मागावर गेलो होतो’ ही सबब चालत नाही.

हलकी रायफल म्हणजे नेमके काय?

रायफलच्या नळीच्या आतल्या बाजूला पिळदार आटे असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. नेम लांबवर टिकतो तो यामुळे. साध्या शिकारी रायफलचे वजन दुर्बिणीशिवाय साडेतीन किलोच्या आसपास असते. डोंगरासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफली अडीच किलोपर्यंत येतात. नळी बारीक आणि आखूड, दस्ता लाकडाऐवजी फायबरचा, काही भाग टायटॅनियमचे.

सह्याद्रीत फायबरच्या दस्त्याचा खरा फायदा वजनापेक्षा पावसात आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेत लाकूड फुगते, नळीवर दाब येतो आणि उन्हाळ्यात लावलेला नेम ऑक्टोबरपर्यंत सरकलेला असतो. फायबरला पाणी लागत नाही.

पण वजन कमी केले की त्याची भरपाई खांद्याला करावी लागते. यामागचे गणित अकरावीच्या पुस्तकातले आहे. गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू जितका संवेग घेऊन पुढे जातो, तितकाच संवेग घेऊन बंदूक मागे येते. .३०८ या जगभर वापरल्या जाणाऱ्या काडतुसाची गोळी साधारण पावणेदहा ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटते. वायूचा वाटा धरून एकूण संवेग १२ एककांच्या आसपास येतो. साडेतीन किलोच्या रायफलीत मागच्या धक्क्याची ऊर्जा सुमारे २० ज्यूल भरते, अडीच किलोच्या रायफलीत सुमारे २९. एक किलो वाचवले आणि लाथ चाळीस टक्क्यांनी वाढली.

नवख्या माणसाला ही लाथ दोन-तीन बारांतच जाणवते. मग चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि गोळी भलतीकडे जाते. शिवाय हलकी बंदूक हातात डुलते, बारीक नळी लवकर तापते. नेमबाजीच्या खेळात रायफल जड असते ती याचसाठी. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात रायफलचे वजन आठ किलोंपर्यंत चालते, आणि खेळाडू ती मर्यादा वापरतात. चालायला हलकी आणि नेमाला जड अशी बंदूक अजून कोणी बनवलेली नाही.

मग रानडुकरासाठी कोणते कॅलिबर?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. .३०८ म्हणजे इंचाचे ३०८ हजारांश, म्हणजे ७.८ मिलिमीटर. .२४३ म्हणजे ६.२ मिलिमीटर. व्यास मोठा म्हणजे बंदूक भारी, असा समज आहे. तो अर्धाच खरा. गोळीचे वजन, वेग आणि ती आत गेल्यावर कशी फुलते यावर परिणाम ठरतो.

मोठा सुळेवाला नर शंभर किलोच्या घरात जातो. त्याच्या खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढालच असते. त्यामुळे .२२ ची रायफल इथे निरुपयोगी आहे. तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, तर .३०८ ची साडेतीन हजार. .२२ ने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी गवताला गेलेल्या बाईसमोर उभे राहते.

हलक्या रायफलीतून, शंभर मीटरच्या आत, रानडुकरासाठी काम चोख करणारी काडतुसे बरीच आहेत : .२४३, १९८० मध्ये आलेले सेव्हन एमएम-०८, २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर. .२४३ चा धक्का अडीच किलोच्या रायफलीतही १८ ज्यूलच्या आसपास राहतो, म्हणजे जड रायफलीतल्या .३०८ पेक्षा कमी. हलकी रायफल घ्यायची तर काडतूसही सौम्य घ्यावे, हा डोंगरातल्या शिकाऱ्यांचा जुना धडा या आकड्यांतून दिसतो. मोठ्या नरासाठी .२४३ जेमतेम आहे. निवड एकच करायची झाली तर सेव्हन एमएम-०८ किंवा क्रीडमूर हे मधले उत्तर.

उताराचा हिशेबही वेगळा असतो. गोळीचे खाली पडणे आडव्या अंतरावर ठरते. तीस अंशांच्या उतारावर दोनशे मीटर दूर दिसणारे जनावर गोळीच्या हिशेबाने १७३ मीटरवर असते, ४५ अंशांवर १४१ मीटर. हे ठाऊक नसलेला माणूस डोंगरात नेहमी वरून मारतो. अर्थात भाताच्या खाचरात, माळ्यावरून, चाळीस मीटरवर बॅटरीच्या उजेडात हा प्रश्न येतच नाही, आणि व्हिडिओतले पाचशे मीटरचे बार तर मुळीच नाहीत.

कायदा शेतकऱ्याला कोणती बंदूक देतो?

इथे तांत्रिक उत्तर संपते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी कोणत्या बंदुकीचा परवाना द्यायचा ते लिहिले आहे : ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर नळीत आटे नसलेली आणि किमान वीस इंच नळीची दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर. रायफलचा उल्लेख या पोटकलमात येतो तो .२२ किंवा हवेच्या रायफलचा, तोही क्लबच्या सभासदाला निशाण्याच्या सरावासाठी. इतर हत्यारासाठी सबळ कारण दाखवावे लागते, आणि ते मान्य करणे अधिकाऱ्यावर आहे.

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी घालायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे आणि टोपी बसवायची. एक बार झाला की पुन्हा भरायला मिनिटभर तरी लागते. दमट हवेत दारू सर्दावते आणि ऐनवेळी बार फुसका जातो. नेम तीस-चाळीस पावलांपुढे देवावर.

बारा बोअर त्याहून बरी. पौंडभर शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत बसते ती बारा बोअर. व्यास साडेअठरा मिलिमीटर. तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. मोठ्या छऱ्यांचे काडतूस तीस-पस्तीस मीटरपर्यंत डुकराला लोळवू शकते. त्यापुढे छर्रे पसरतात, एखाद-दुसरा लागतो आणि जनावर जखमी होऊन निघून जाते.

भारतीय बनावटीची मोठी रायफल हवी तर .३१५ चे नाव निघते. तिची जन्मकथा बोलकी आहे. लष्कराचे .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांच्या काळात हे वेगळे माप नागरिकांसाठी पुढे आले. इशापूरच्या कारखान्यातली .३१५ रायफल आजही त्याच वळणाची आहे : जड, लाकडी दस्त्याची, जाड गोळीची. हलक्या डोंगरी रायफलीच्या कोणत्याही व्याख्येत ती बसत नाही. स्वातंत्र्यानंतरही नागरिकाच्या हातातले हत्यार जनावराकडे पाहून ठरले नाही. ते माणसावरच्या अविश्वासातून ठरले.

मग सगळ्यांना रायफल द्यावी का?

नाही. आणि इथे कायद्याची बाजू समजून घ्यायला हवी. .३०८ सारखी गोळी चुकली तर तीन किलोमीटरहून पुढे जाऊ शकते. वेण्णेच्या खोऱ्यात एका उतारावरून पाहिले तर समोरच्या उतारावर वाडी दिसते. रात्रीच्या अंधारात क्षितिजावरच्या डुकरावर झाडलेली गोळी कुठे जाऊन थांबेल, हे कोणीच सांगू शकत नाही. बारा बोअरचे छर्रे काहीशे मीटरांत दम तोडतात. साध्या नळीचा आग्रह जुनाट वाटला तरी वस्तीच्या डोंगरात त्याला अर्थ आहे. डुक्कर समजून माणसालाच गोळी लागल्याच्या बातम्या सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अधूनमधून येतात, त्याही साध्या बंदुकांच्या.

रायफल सुरक्षित होते ती दोन गोष्टींनी : वरून खाली झाडलेला बार, ज्यात चुकलेली गोळी मातीत जाते, आणि चाप न ओढण्याची शिस्त असलेला माणूस. पहिली गोष्ट माळ्यावर मिळते. दुसरी दुकानात मिळत नाही.

म्हणूनच २०१५ च्या शासन निर्णयाचा अर्थ नीट पाहावा लागतो. त्या वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर आणि नीलगायीला मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांपर्यंत खाली आणले. अर्जावर २४ तासांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे, अशीही तरतूद केली. कागदावर हे शेतकऱ्याच्या बाजूचे आहे. पण ज्याच्याकडे बंदूक नाही त्याने त्या परवानगीचे काय करायचे? आणि ज्याच्याकडे आजोबांची ठासणीची आहे त्याने रात्री, एकट्याने, पिसाळलेल्या डुकरासमोर काय करायचे? सरकारने परवानगी दिली, हत्यार आणि जोखीम शेतकऱ्यावर सोडली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरच्या आसपास येते, नेमकी भात कापणीला.

बंदूक नसलेल्यांनी शोधलेले मार्ग आणखी वाईट आहेत. दुचाकीच्या क्लच वायरचे फास, पिठात लपवलेले गावठी बॉम्ब, कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह. फासात डुकराऐवजी बिबट्या अडकतो, बॉम्बने गाईचा जबडा फाटतो, आणि विजेच्या तारेला शेजारचा शेतकरी चिकटतो.

इतर राज्यांनी काय केले?

२०१५-१६ मध्ये केंद्र सरकारने उत्तराखंड आणि बिहारच्या काही जिल्ह्यांत रानडुक्कर ठरावीक मुदतीसाठी ‘उपद्रवी’ जाहीर केले. २०१६ मध्येच चंद्रपूर जिल्ह्यातल्या रानडुकरांच्या हत्येवरून केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारमधल्या पर्यावरण मंत्रालयावर जाहीर टीका केली, तर प्रकाश जावडेकर यांनी राज्यांच्या मागणीवरून परवानगी दिल्याचे सांगितले. वाद गाजला. खाचरात काही बदलले नाही.

केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. परवानगीचे अधिकार ग्रामपंचायत, नगरपालिकांच्या प्रमुखांकडे दिले आणि बंदुकीचा परवाना असलेल्या नेमबाजांची यादी तयार केली. शेतकरी तक्रार करतो, पंचायत यादीतल्या नेमबाजाला बोलावते. तिथेही नेमबाज कमी पडतात, येत नाहीत, अशा तक्रारी आहेत. पण ‘मारायचे कोणी’ या प्रश्नाला तिथल्या सरकारने निदान उत्तर दिले.

जावळीत काय करता येईल?

मेढ्यासारख्या ठिकाणी वनपरिक्षेत्राच्या पातळीवर प्रशिक्षित पथक उभे करणे अवघड नाही. चार-पाच माणसे, दोन-तीन चांगल्या रायफली, रात्री दिसणारी उष्णतेची दुर्बीण, आणि सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम. सातारा जिल्हा हा माजी सैनिकांचा जिल्हा. शिस्तीने बंदूक धरलेली माणसे इथे शोधावी लागत नाहीत. त्यांना वन विभागाच्या देखरेखीखाली मानधनावर घेता येईल. हलकी रायफल आणि सौम्य काडतूस हा प्रश्न खरा उपयोगाचा ठरेल तो या पथकासाठी. रात्रीतून तीन वाड्या चढणाऱ्या माणसाला किलोभर वजनाचा फरक कळतो.

याला एक हरकत आहे आणि ती गंभीर आहे. रानडुक्कर हे बिबट्याचे आणि वाघाचे भक्ष्य. व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवर सरसकट डुकरे मारली तर बिबट्या गोठ्याकडे वळेल. म्हणून पथकाने मोजून, शेतातच, तक्रार असलेल्या ठिकाणीच मारावे. रानात पाठलाग नको. हा हिशेब ठेवणे वैयक्तिक परवानगीवर फिरणाऱ्या शेकडो बंदुकांपेक्षा एका पथकाकडून कितीतरी सोपे आहे.

बंदुकीने सगळे सुटत नाही हेही खरे. सौर कुंपणासाठी अनुदानाची योजना आहे आणि नीट देखभाल केलेले कुंपण कोणत्याही कॅलिबरपेक्षा जास्त पीक वाचवते. पण तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत एकट्याने कुंपण घातले की कळप शेजारच्या खाचरात जातो. गावाने मिळून शिवारालाच कुंपण घालायला हवे, आणि तिथे भावकी आडवी येते.

यंदाच्या हंगामात काय करावे?

नुकसान झाले की आधी फोटो काढावेत, पायाचे ठसे आणि उकरलेली जागा दिसेल असे. पीक हलवण्याआधी वनरक्षकाला कळवावे आणि वन, महसूल, कृषी कर्मचाऱ्यांचा पंचनामा करून घ्यावा. भरपाई त्याच कागदावर ठरते. कुंपणात घरगुती वीज सोडू नये. परवान्याची बंदूक असली तरी लेखी परवानगीशिवाय डुकरावर बार टाकू नये. परवानगी हवी असेल तर अर्जात गट क्रमांक, पीक आणि नुकसानीची तारीख लिहून तो परिक्षेत्र कार्यालयात द्यावा, सध्या कोणता आदेश लागू आहे ते तिथेच विचारावे आणि पोच तारीख-वेळेसह घ्यावी. चोवीस तासांची मुदत मोजायची झाली तर ती त्या पोचेवरच्या वेळेपासून मोजली जाते.